फिन्ली यांचा कॅमेरा आणि क्लॅमथचं पाणी

1908 च्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी दहा दिवसांच्या अंतराने दोन आदेशांवर सह्या केल्या. 8 तारखेच्या आदेशाने ओरेगॉन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरचं लोअर क्लॅमथ सरोवर पक्ष्यांसाठी राखीव झालं, 18 तारखेच्या आदेशाने पूर्व ओरेगॉनमधलं मॅल्हूर सरोवर. त्याच्या आदल्या वर्षी ओरेगॉनच्या किनाऱ्यालगत समुद्रात उभे असलेले थ्री आर्च रॉक्स हे खडकही असेच राखीव झाले होते. या तिन्ही निर्णयांमागे पोर्टलंडमध्ये राहणाऱ्या एका तरुणाचा कॅमेरा होता. त्यांचं नाव विल्यम लव्हेल फिन्ली. 1876 ला कॅलिफोर्नियात जन्मलेला हा माणूस 1953 ला वारला. मधल्या काळात त्यांनी हजारो छायाचित्रं काढली, चित्रपट केले, गावोगाव व्याख्यानं दिली, सरकारी पद सांभाळलं आणि गमावलंही.

वन्यजीव छायाचित्रणाने निसर्ग वाचतो, असं आज आपण अगदी सहज म्हणतो. त्याच्या पुराव्यासाठी फिन्ली यांच्याइतकं भक्कम उदाहरण शोधून सापडणार नाही. तरीही त्यांनी वाचवलेल्या तीन जागांचं पुढच्या शंभर वर्षांत काय झालं, हे पाहिल्यावर त्या विधानाला काही अटी जोडाव्या लागतात. छायाचित्राने काय साधतं आणि कुठे त्याचे हात टेकतात, याचा हिशेब फिन्ली यांच्याच कामावरून मांडायला हवा. कारण हा हिशेब आपल्यालाही लागू आहे.

आधी जमेची बाजू. ती मोठी आहे.

थ्री आर्च रॉक्सवर मर नावाच्या समुद्रपक्ष्यांची प्रचंड वसाहत होती. पाठ काळी, पोट पांढरं, उभं राहण्याची ढब ताठ. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या कातळाच्या कडेवर एकच अंडं घालतो आणि खांद्याला खांदा लावून बसलेल्या शेजाऱ्यांच्या गर्दीत ते पायांवर धरून उबवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवारी टिलामूक खाडीतून हौशी शिकाऱ्यांनी भरलेल्या बोटी इथे येत आणि कडेकपारींवर गोळ्या झाडत. मेलेले पक्षी कुणी उचलतही नसे, निव्वळ मजा म्हणून हे चाले. एक बार झाला की अख्खी वसाहत एकदम उडे, अंडी कड्यावरून घरंगळत आणि उरलेली इतर समुद्रपक्षी टिपून नेत. म्हणजे एका गोळीत जितके पक्षी मरत, त्याच्या कितीतरी पट पिल्लं त्या वर्षी जन्मालाच येत नसत.

1901 मध्ये आणि पुन्हा 1903 मध्ये फिन्ली आणि त्यांचा बालमित्र हर्मन बोलमन या खडकांवर गेले. समुद्र बोट लोटू देईल अशी वेळ येईपर्यंत किनाऱ्यावर ताटकळत बसायचं, मग सामान वाचवत लाटांमधून खडकावर उतरायचं, असा तो प्रकार होता. जड कॅमेरा, काचेच्या प्लेटा, गोडं पाणी, शिधा, सगळं दोराने वर ओढलं. 1903 मध्ये ते एका अरुंद कपारीत मुक्काम करून राहिले. वरून पक्ष्यांची विष्ठा, खालून लाटांचे तुषार. काचेची प्लेट बदलायची तर पूर्ण अंधार हवा, आणि एक प्लेट फुटली की त्यावरची मेहनत वाया. बोलमन यांच्या घरचा नळजोडणीचा धंदा होता, ते त्यात काम करून सुटीत या मोहिमांवर येत. फिन्ली लिहीत आणि बोलत, बोलमन बरीचशी छायाचित्रं घेत. आज सगळं श्रेय एकाच नावावर जमा झालं आहे, ते बरोबर नाही.

तिथून ते 1905 ला क्लॅमथच्या दलदलीत गेले. तिथलं दृश्य आणखी भीषण होतं. टिबुकलीच्या कुळातला वेस्टर्न ग्रीब हा देखणा पक्षी. त्याच्या छातीची चकचकीत पांढरी कातडी बायकांच्या टोप्या आणि अंगरख्यांसाठी विकली जाई. बदकांचा बाजार सॅन फ्रान्सिस्कोला होता. एका हंगामात तिथून 120 टन बदकं रेल्वेने गेल्याचं फिन्ली यांनी नोंदवलं आहे. 1908 मध्ये मॅल्हूरला ते पांढऱ्या बगळ्यांच्या शोधात गेले. जुन्या लोकांनी सांगितलेल्या वसाहती सापडल्या, बगळे सापडले नाहीत. दहा वर्षांपूर्वीच पिसांच्या शिकाऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला होता. बगळ्याची ती झुपकेदार पिसं फक्त विणीच्या काळात येतात, म्हणून शिकारी नेमके त्याच काळात येत. आई-बाप मारले जात आणि घरट्यातली पिल्लं उपाशी मरत. त्या काळी या पिसांना वजनाला सोन्याच्या तोडीचा भाव होता.

न्यूयॉर्कला टोपी घालणाऱ्या बाईने यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. दुकानातलं पीस आणि दलदलीतलं घरटं यांच्यात तीन हजार मैलांचं अंतर होतं. फिन्ली यांनी ते अंतर तोडलं. छायाचित्रांच्या काचेच्या स्लाइड केल्या, त्या हाताने रंगवल्या आणि मॅजिक लँटर्नच्या उजेडात देशभरच्या सभागृहांत दाखवल्या. (साधारण त्याच सुमाराला आपल्याकडे कल्याणचे महादेवराव पटवर्धन ‘शांबरिक खरोलिके’तून रंगीत स्लाइडचे खेळ करत होते. पडद्यावरच्या रंगीत उजेडाची जादू तेव्हाच्या प्रेक्षकांवर काय होत असेल, हे त्यावरून समजावं.) पुढे फिन्ली चित्रपटाकडे वळले. पडद्यावर पेलिकन पिल्लाला भरवतोय, खाली उभे राहून फिन्ली बोलताहेत, अशी ती व्याख्यानं असत. 1906 मध्ये त्यांचं लग्न आयरीन बार्नहार्ट यांच्याशी झालं. आयरीन पुढच्या सगळ्या प्रवासांत, लेखनात आणि चित्रपटांत बरोबरीच्या भागीदार होत्या. पक्षीरक्षणाचं काम करणाऱ्या ऑडुबॉन संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेसाठी या जोडप्याने वर्षानुवर्षं दौरे केले. मासिकांतून लेख येत राहिले, कायदेमंडळांवर दबाव वाढत गेला. छायाचित्रं रूझवेल्टपर्यंत पोचली आणि सह्या झाल्या.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, सह्या तशाही झाल्या असत्या. रूझवेल्ट यांनी 1903 ते 1909 या काळात पन्नासच्या वर पक्षी राखीव क्षेत्रं जाहीर केली, त्यातली फक्त तीन फिन्ली यांची. ओरेगॉनमध्ये 1903 मध्येच पक्षी संरक्षणाचा आदर्श कायदा झाला होता. ऑडुबॉन संघटनेचे विल्यम डचर वॉशिंग्टनमध्ये पाठपुरावा करत होते. मग एका छायाचित्रकाराला इतकं श्रेय का द्यायचं? आक्षेपात तथ्य आहे. पण त्या पन्नास जागांपैकी नेमक्या याच तीन का निवडल्या गेल्या, याचं उत्तर छायाचित्रांतच सापडतं. थ्री आर्च रॉक्सच्या आधी पॅसिफिक किनाऱ्यावर अशी एकही राखीव जागा नव्हती. राजधानीतल्या अधिकाऱ्याला मॅल्हूर हे ओसाड प्रदेशातलं एक खारट तळं वाटत होतं. तिथे पेलिकन, करकोचे, बदकं लाखोंनी येतात, हे फिन्ली आणि बोलमन यांनी दाखवलं तेव्हा कळलं. हा वाटा लहान नाही.

दुसरा आक्षेप पद्धतीवरचा आहे, आणि तो छायाचित्रकारांनी मनावर घेण्यासारखा आहे. 1906 मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात पॅसाडिनाजवळच्या डोंगरात या दोघांनी कंडोर गिधाडाचं घरटं शोधलं आणि अंड्यापासून पिल्लू वाढेपर्यंत त्याचं चित्रण केलं. कंडोरच्या कुटुंबजीवनाचा इतका सलग दस्तऐवज त्याआधी कुणी केला नव्हता. त्यासाठी ते पुन्हापुन्हा घरट्यापाशी गेले, पिल्लू हाताळलं आणि शेवटी ते घेऊनच गेले. ‘जनरल’ नावाचं ते पिल्लू फिन्ली यांच्याकडे वाढलं आणि मग न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात गेलं. आज कुणी असं केलं तर त्याला कायद्याने शिक्षा होईल, आणि व्हायला हवी. त्या काळात पक्षी पाहायचा तर तो आधी बंदुकीने पाडायचा, हीच अभ्यासकांची रीत होती. त्या तुलनेत फिन्ली पुढेच होते. तरीही घरट्याच्या इतक्या जवळ जाण्याची सवय वन्यजीव छायाचित्रणाला त्यांच्या पिढीने लावली, हे नोंदवायलाच हवं. काळाचा दाखला देऊन हा दोष सौम्य होतो, पुसला जात नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत अवघड आहे, कारण तो फिन्ली यांच्या चौकटीतच आला नाही. मॅल्हूरचा सारा परिसर उत्तर पायूट लोकांचा. पिढ्यानपिढ्या ते या सरोवराकाठी बदकं, मासे, कंदमुळं, बिया यांवर जगत होते. 1872 मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्यासाठी मॅल्हूर राखीव प्रदेश ठरवून दिला. गोऱ्या पशुपालकांची गुरं त्यात घुसत राहिली. 1878 मध्ये बॅनॉक जमातीचं सैन्याशी युद्ध झालं, त्यात पायूटही ओढले गेले, आणि 1879 च्या जानेवारीत, भर बर्फात, पाचशेच्या वर पायूट बायका, मुलं, म्हाताऱ्यांना शेकडो मैल दूर वॉशिंग्टन प्रांतातल्या याकामा इथे चालवत नेण्यात आलं. त्यांचा राखीव प्रदेश मोडून वसाहतीला खुला झाला. पायूट लेखिका सारा विनेमका यांनी 1883 च्या आपल्या पुस्तकात ही कहाणी लिहून ठेवली आहे, म्हणजे ती त्या काळीही गुपित नव्हती. फिन्ली मॅल्हूरला गेले ते याच्या अवघ्या एकोणतीस वर्षांनंतर. त्यांना दिसली ती माणसांपासून अलिप्त, पक्ष्यांनी गजबजलेली निसर्गभूमी.

पायूटांना फिन्ली यांनी हाकललं नाही. त्यांना हाकललं सैन्याने आणि त्यांची जमीन घेतली गुरांच्या मालकांनी. पण माणसांना हटवल्यानंतर उरलेल्या जागेला ‘मूळ निसर्ग’ मानून तिचं चित्र काढलं, की हटवण्याचा इतिहास त्या चित्राखाली गाडला जातो. पुढच्या पिढ्यांनी मॅल्हूर ओळखलं ते त्या छायाचित्रांतून. पायूट लोक त्यात कुठेच नाहीत. बर्न्स पायूट जमातीला स्वतःची लहानशी राखीव जमीन अधिकृतपणे मिळायला 1972 साल उजाडावं लागलं. निसर्गरक्षणाच्या कुठल्याही गौरवगाथेत ही ओळ पहिल्या पानावर यायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आणि चौथा मुद्दा पाण्याचा. इथे छायाचित्राची मर्यादा लख्ख दिसते.

लोअर क्लॅमथ राखीव झालं तेव्हा 80,000 एकरांहून जास्त दलदल आणि पाणी आदेशात आलं. पण 1902 चा रेक्लमेशन कायदा झालेला होता आणि 1905 मध्ये क्लॅमथ सिंचन प्रकल्पाला मंजुरी मिळाली होती. दलदल उपसायची, तळ उघडा करायचा, शेती वसवायची, हा सरकारचाच कार्यक्रम होता. पक्ष्यांसाठीचा आदेश त्या प्रकल्पाच्या हक्काला अधीन होता. एका खात्याने पक्ष्यांना जागा दिली आणि दुसऱ्या खात्याने त्याच जागेचं पाणी घेतलं. दलदलीतून रेल्वेचा भराव गेला होता. त्यातले दरवाजे 1917 मध्ये बंद झाले, क्लॅमथ नदीचं पाणी सरोवराकडे यायचं थांबलं आणि काही वर्षांत सरोवर कोरडं पडलं. खालची माती अल्कलीयुक्त निघाली, तिच्यात धड पीक येईना. वाळलेली दलदलीची माती आतून पेटत राहिली आणि तिची राख-धूळ वाऱ्याबरोबर क्लॅमथ फॉल्स शहरावर येऊ लागली. ज्या सरोवराच्या चित्रांनी देश हलला होता, ते नकाशावर राखीव होतं आणि प्रत्यक्षात जळत होतं.

फिन्ली यांनी हेही टिपलं आणि त्यावर लिहिलं, बोलले, झगडले. 1911 पासून ते ओरेगॉनच्या वन्यजीव खात्याचे प्रमुख होते, नंतर राज्याचे जीवशास्त्रज्ञ. 1919 मध्ये त्यांना पदावरून काढण्यात आलं. 1920 मध्ये मॅल्हूर सरोवराचा तळ केंद्र सरकारच्या हवाली करून तिथे रूझवेल्ट पक्षी आश्रयस्थान करावं, असा प्रस्ताव ओरेगॉनच्या मतदारांपुढे आला. मतदारांनी तो फेटाळला. वीस वर्षं ज्या राज्यात फिन्ली यांच्या स्लाइड आणि चित्रपट पाहून लोक टाळ्या वाजवत होते, त्याच राज्यातला हा कौल.

त्या मतदारांना दगडाच्या काळजाचे म्हणणं सोपं आहे, पण न्याय्य नाही. त्यांच्या दृष्टीने पाणी म्हणजे शेत, शेत म्हणजे घर. क्लॅमथ प्रकल्पाच्या जमिनी पुढे पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना वाटण्यात आल्या. ती कुटुंबं बटाटा, बार्ली पिकवत तिथे रुजली. दुष्काळी भागात ज्याने विहिरीचा तळ पाहिला आहे, तो मराठी वाचक त्या शेतकऱ्याची बाजू लगेच समजू शकेल. पक्ष्याचं चित्र डोळ्यांत पाणी आणतं, पण आपल्या वाट्याचं पाणी सोडायला माणसाला त्याहून वेगळं काहीतरी लागतं: मोबदला, खात्री, आणि ठरवण्याच्या वेळी समोर बसायची जागा.

मॅल्हूर अखेर वाचलं ते याच मार्गाने. 1935 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरोवराच्या तळावर केंद्राचा हक्क असल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी ब्लिट्झन खोऱ्यातली सुमारे 65,000 एकर जमीन सरकारने विकत घेतली, आणि सरोवराला पाणी देणारी नदी त्या जमिनीबरोबर आली. जैविक सर्वेक्षण खात्याची सूत्रं तेव्हा व्यंगचित्रकार जे. एन. डार्लिंग यांच्याकडे होती. मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या पथकांनी बांध, चर आणि तळी बांधली. फिन्ली यांनी या मागणीसाठी वर्षं घातली होती, आणि त्यांच्या चित्रांमुळे ती मागणी कधी विस्मरणात गेली नाही. पण सही आणि सुरक्षितता यांच्यात सत्तावीस वर्षं गेली. लोअर क्लॅमथला तर पाणी परत आलं ते 1940 च्या दशकात, डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून, शेजारच्या ट्यूल लेकचं पाणी उपसून.

तेही कायमचं नाही. आज क्लॅमथच्या पाण्यावर क्लॅमथ जमातींचा 1864 च्या करारातून आलेला हक्क आहे, नदीतल्या माशांचा कायदेशीर वाटा आहे, शेतकऱ्यांचा आहे, आणि राखीव क्षेत्राचा नंबर या सगळ्यांच्या मागे लागतो. 2020 च्या उन्हाळ्यात लोअर क्लॅमथ आणि ट्यूल लेकवर बॉट्युलिझमने सुमारे 60,000 पक्षी मेले. पाणी उथळ, गरम आणि साचलेलं झालं की तळाच्या गाळात हा रोग आणणारा जीवाणू वाढतो. मेलेल्या पक्ष्याच्या अंगातल्या अळ्यांत विष साठतं, त्या अळ्या दुसरं बदक खातं, त्याच्या मानेतलं त्राण जातं आणि ते पाण्यातच बुडून मरतं. ताजं, गार, वाहतं पाणी हाच त्यावरचा उपाय. पिसांचे शिकारी तिथून शंभर वर्षांपूर्वी गेले, आणि आता पाण्याअभावी एका मोसमात हजारो पक्षी जातात.

मॅल्हूरला वेगळंच दुखणं जडलं आहे. तिथे शिरलेला कार्प मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, वनस्पती नष्ट करतो, आणि बदकांना खायला काही उरत नाही. थ्री आर्च रॉक्सवर मर पक्ष्यांना आता त्रास आहे तो गरुडांचा. डीडीटीवर बंदी आल्यावर अमेरिकी गरुडांची संख्या सावरली, ते वसाहतीवर झडप घालतात, घाबरून मर उडतात आणि अंडी पुन्हा उघडी पडतात. एका जातीचं पुनरुज्जीवन दुसरीच्या मुळावर येऊ शकतं. यात दोषी कोणी नाही, पण बघणारं आणि मोजणारं माणूस दरवर्षी तिथे लागतं.

2016 च्या जानेवारीत मॅल्हूर पुन्हा जगाच्या बातम्यांत आलं. सशस्त्र गटाने राखीव क्षेत्राच्या कार्यालयावर 41 दिवस कब्जा केला. जमीन केंद्राकडून काढून पशुपालकांना परत द्या, अशी त्यांची मागणी होती. त्यावर बर्न्स पायूट जमातीच्या प्रतिनिधींनी ठणकावून सांगितलं, की परत करण्याचाच प्रश्न असेल तर ही जमीन आधी आमची आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट बातम्यांत कमी आली. हार्नी काउंटीतले बरेचसे स्थानिक पशुपालक या गटाला सामील झाले नाहीत. कारण 2013 मध्ये मॅल्हूरचा पंधरा वर्षांचा आराखडा ठरला तेव्हा पशुपालक, जमात, पक्षीमित्र आणि अधिकारी एका टेबलाभोवती बसले होते. चराई कुठे, गवत कापणी केव्हा, कार्पचं काय करायचं, हे त्यांनी वादावादी करत, पण एकत्र ठरवलं होतं. फिन्ली यांना 1908 मध्ये असं टेबल सुचलं नाही, त्या काळात कुणालाच सुचलं नाही. आमच्या मते मॅल्हूरचं खरं संरक्षण त्या टेबलावर झालं आहे.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात माळढोक अभयारण्य 1979 मध्ये जाहीर झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली गावं, शेतं, बाजारपेठा सगळं त्या रेषेत आलं. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, राग पक्ष्यावर निघाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. या सगळ्या काळात नान्नजच्या माळावरून माळढोकची सुंदर छायाचित्रं येत राहिली, आणि माळढोक कमी होत गेला. नांदूरमध्यमेश्वरचं उदाहरण तर क्लॅमथच्या अगदी जवळचं आहे. गोदावरी आणि कादवाच्या संगमावरच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळाने ही पाणथळ जागा तयार झाली. 2020 मध्ये ती राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरली. पण तिथलं पाणी वन विभागाच्या हातात नाही. गंगापूर, दारणा या धरणांतून काय सुटतं आणि जलद कालव्याने वैजापूर, गंगापूर तालुक्यांकडे कुठलं आवर्तन केव्हा जातं, यावर पाण्याची पातळी ठरते. वैजापूरच्या शेतकऱ्याचा त्या पाण्यावरचा हक्क खरा आहे, आणि हिवाळ्यात उतरणाऱ्या बदकांची गरजही खरी आहे. एका बाजूने पक्षीप्रेमी आणि दुसऱ्या बाजूने शेतकरी असं हे भांडण मांडलं, की दोघंही हरतात.

म्हणून फिन्ली यांच्याबद्दल आमचा कौल असा. त्यांचं काम मोठं होतं आणि त्यांना आद्य निसर्गरक्षकांत मानाचं स्थान आहे. ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात 1964 मध्ये एका राखीव क्षेत्राला त्यांचं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं. पिसांचा बाजार आणि रविवारची गोळीबाजी संपवण्यात त्यांच्या कॅमेऱ्याचा हात होता, आणि ही दोन्ही संकटं अशी होती की ती लोकांना दाखवली की थांबू शकत होती. पाणी, जमीन आणि हुसकावलेली माणसं हे प्रश्न त्या प्रकारचे नव्हते. तिथे त्यांचा कॅमेरा कमी पडला, आणि पायूटांच्या बाबतीत तो गप्प राहिला. मात्र पुढची गोष्टही तितकीच खरी आहे, की फिन्ली चित्र काढून निघून गेले नाहीत. पद गेलं, मतदानात हार झाली, सरोवर जळलं, तरी ते त्या पाण्याच्या मागे लागून राहिले. आज कोलंबिया नदीवरची धरणं आणि सालमन मासा यांच्याबद्दल जे बोललं जातं, ते त्यांनी 1935 मध्येच लिहिलं होतं. आपल्या छायाचित्रकारांनी त्यांच्याकडून घ्यायचा असेल तर हा चिवटपणा घ्यावा.

महाराष्ट्रात आज प्रत्येक पाणवठ्यावर उत्तम लेन्स घेऊन जाणारे शेकडो लोक आहेत. भिगवणला फ्लेमिंगोंच्या थव्यात होडी घालायला नावाड्याला भाग पाडू नका, ही पहिली विनंती. घरट्यापासून लांब राहा, ही दुसरी. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: पाण्याची आवर्तनं ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठका दरवर्षी होतात. त्यांच्यापुढे आपली छायाचित्रं ठेवा, गावातल्या शेतकऱ्यांना बरोबर घ्या, आणि डिसेंबर ते मार्च या काळात पाणथळीत किमान किती पाणी राहील, याचं लेखी उत्तर मागा.